बरोबर आलेलं उत्तर

बालीगंज स्टेशनबाहेरच्या मोबाईल दुरुस्तीच्या टपरीवरून सोल्डरिंगचा राळेचा धूर नाकात गेला की मला ते स्मार्ट कार्ड आठवतं. पूजेच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या, खाली मंडपात ढाक, पूजेतला मोठा ढोल, घुमत होता आणि तोच वास भरलेल्या आमच्या प्रयोगशाळेत कार्डाच्या सुरक्षा-चाचणीच्या अहवालावर फक्त माझी सही राहिली होती. ओळख पटवताना कार्ड आपल्या एक-शून्यांच्या गुप्त आकड्यानं इलिप्टिक कर्व्ह नावाचं गुप्तलेखनाचं गणित करतं, दर अंकाला एक पायरी. त्याच्या एकेका पायरीवर आम्ही चिपला विजेचा बारीक झटका देत होतो. काही झटक्यांनी उत्तर चुकायचं, काहींनी नाही. न चुकलेल्या ओळींपुढे आम्ही सगळ्यांनी ‘उत्तीर्ण’ लिहिलं होतं, मीसुद्धा. पेन उघडलं आणि खटकलं, झटका बसूनही उत्तर बरोबर येतंच कसं? म्हणजे ती पायरी निव्वळ दिखाऊ होती. आकड्यात शून्य आलं की बाहेरून फरक कळू नये म्हणून कार्ड खोटी बेरीज करून फेकून देत होतं. बंगाली साहेब म्हणाले, “साइन कर दो, पूजा के बाद देखेंगे।” मी पेन बंद केलं आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून बसले. उत्तर चुकलं की एक, बरोबर आलं की शून्य, असं वहीत लिहीत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी वहीत जमलेला तो गुप्त आकडा कोऱ्या कार्डात भरला, आणि रीडरनं हिरवा दिवा लावून ते खरं कार्ड म्हणून स्वीकारलं. साहेबांनी अहवालावरची स्वतःची सही खोडली. अजूनही मुलगी गणिताची वही घेऊन आली की मी विचारते, हे कसं आलं? ती वैतागते, “आई, आन्सर तर बरोबर आहे!” “म्हणूनच विचारतेय.”