साठांतून तेरा

अंबरनाथ पूर्वेला गायकरांच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की ती आधी हिरामण आजोबांच्या हातात जाते. फरशीची पेटी असो, गॅसची शेगडी असो, नाहीतर थोरल्या मुलीला सांगून आलेलं स्थळ असो, आजोबा ते उलटंपालटं करून बघतात. स्थळाच्या बाबतीत उलटंपालटं करणं म्हणजे मुलाच्या ऑफिसातल्या शिपायाला दोन वेळा चहा पाजणं. "बाबांचा शिक्का पडला का?" असं घरात विचारतात, आणि तो पडल्याशिवाय पुढे काही होत नाही.

चौतीस वर्षं ते अंबरनाथमधल्याच एका कारखान्यात माल तपासणीला होते. बाहेरून आलेले बोल्ट, पिना, बुशिंग मोजायचे आणि मापात असले तर कागदावर शिक्का मारायचा, एवढंच काम. पण त्या कामाचा एक नियम त्यांनी घरीही पाळला. माल विकणाऱ्याने पुढे केलेला नग मोजायचा नाही. खोक्याच्या तळाशी हात घालायचा आणि हाताला लागेल तो मोजायचा.

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. १९९१च्या मार्चमध्ये एका मोठ्या नावाच्या कंपनीचा माल आला, छापील प्रमाणपत्रासकट. वर्षअखेरीची घाई होती. नाव बघून हिरामणरावांनी न मोजता शिक्का मारला. तिसऱ्या दिवशी एकही बोल्ट आट्यात बसेना. त्यांना जो मेमो मिळाला त्याची प्रत आजही पेन्शनच्या फाइलीत पहिल्या पानावर आहे. ती तिथे त्यांनीच लावली आहे.

यंदाच्या जुलैमध्ये त्यांच्यापुढे शिक्क्यासाठी आली ती नात. तेजस्वी बारावी झाली होती आणि तिला भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करायचं होतं. दोन ठिकाणी नाव लागलं होतं. एक उल्हासनगरचं जुनं कॉलेज, रिक्षाने अर्ध्या तासावर. दुसरं बदलापूरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी झालेलं विद्यापीठ. त्याचा देशात कितवा नंबर लागला ते दरवर्षी पेपरात छापून येतं. तेजस्वीला तिथल्या परीक्षेत चांगले मार्क पडले, म्हणून फीसुद्धा माफ झाली होती. मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत पालकांच्या सहीचा फॉर्म दिला नाही तर जागा जाणार होती.

"माफ का करतात?" आजोबांनी पहिला प्रश्न टाकला.

"हुशार आहे म्हणून, बाबा," कैलास म्हणाला. हा तेजस्वीचा बाप. "अहो, नाव ऐकूनच लोक खुर्ची देतात. बीएस्सी कुठून? तर तिथून. संपला विषय."

"तिथूनच तर विषय सुरू होतो. फुकटचा माल दुप्पट तपासावा."

"पोरगी हाय ती, बोल्ट नाय," आजी, कौसाबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आटे कसले बघता तिचे?"

"तिचे नाही बघत. त्यांचे बघतोय."

शनिवारी विद्यापीठात पालकांसाठी सगळं उघडं ठेवलं होतं. आजोबा नातीला घेऊन निघाले तेव्हा त्यांच्या खिशात रुमालात गुंडाळलेला एक पोलादी ठोकळा होता. बरोबर दहा मिलिमीटर जाडीचा. निवृत्त होताना सोबत्यांनी निरोपाला दिलेला. कारखान्यात अशाच ठोकळ्यांवर इतर मापनयंत्रं बरोबर आहेत की नाहीत ते बघत असत.

दारातच भिंतभर फोटो होते. परदेशी गेलेले, संशोधक झालेले, सगळे हसरे. आजोबांनी एकेक फोटो वाचला.

"हे गेले ते झाले," ते हळूच म्हणाले. "अर्धवट सोडून गेले त्यांची भिंत कुठाय?"

"आजोबा, प्लीज."

प्रयोगशाळेत पांढऱ्या टेबलावर यंत्रं मांडली होती. गळ्यात ओळखपत्र घातलेल्या एका तरुण सरांनी हसून एक स्क्रू गेज आजोबांच्या हातात दिला. तार किंवा पत्रा किती जाड आहे ते मोजायचं ते साधं यंत्र. आजोबांनी रुमाल सोडला, ठोकळा त्यात धरला, चष्मा कपाळावर ढकलून आकडा वाचला. दहा पूर्णांक शून्य सात.

"सात शतांश जास्त दाखवतो," ते म्हणाले. "याची चूक कुठे लिहून ठेवली आहे?"

सर गोंधळले. "काका, हा फक्त दाखवायला आहे."

"बरोबर," आजोबा म्हणाले आणि ठोकळा परत गुंडाळला. तेजस्वी तोवर कुठेतरी गेली होती. पाऊण तासाने पाण्याच्या कूलरजवळ सापडली, कुणाकुणाशी बोलत.

सोमवारी दोघं उल्हासनगरला गेले. तिथल्या प्रयोगशाळेची चावी बुधाजी नावाच्या मदतनीसाकडे होती, तीस वर्षांपासून. यंत्रं जुनी, पेट्यांचे पत्रे गंजलेले, पण प्रत्येक पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवलेला आणि त्यावर पेन्सिलीने त्या त्या यंत्राची चूक लिहिलेली. आजोबांनी चार पेट्या काढल्या, त्याही खालच्या फळीवरून. चारही वेळा ठोकळ्याने कागदावर लिहिलेलीच चूक दाखवली. त्यांचा चेहरा खुलला.

"कोण लिहितं हे?"

"मीच. दर दिवाळीला मोजतो. इथं शिकलं काय आणि तिकडं शिकलं काय, साहेब. एम.एस्सी.च्या परीक्षेच्या पेपरात कॉलेजचं नाव बघून मार्क देत नाहीत."

आजोबांना हे फारच पटलं, आणि म्हणूनच त्यांना संशय आला. कपाटात गेल्या वर्षीच्या जर्नल्सचा गठ्ठा होता. त्यांनी तळातून तीन काढल्या. लंबकाचा प्रयोग. दोरा लावून गोळा हलवायचा, वेळ मोजायची आणि पृथ्वीच्या ओढीचा आकडा काढायचा. पुस्तकात तो नऊ पूर्णांक आठ आहे. तिन्ही जर्नल्समध्ये नऊ पूर्णांक आठ. त्याच्या आधीची सगळी मोजमापंही तीच, शेवटच्या सेकंदापर्यंत.

"तिघांनी एकच गोळा एकदम हलवला काय रे?"

बुधाजी हसले. "रीडिंग फळ्यावर लिहून देतात साहेब. पोरं साठ, लंबक चार. काय करणार?"

घरी येऊन आजोबांनी चहाला हातही लावला नाही. "दोन्ही रिजेक्ट," ते म्हणाले.

"मग काय पोरीला घरात बसवता?" कौसाबाई उसळल्या. "शेजारच्या हिंदुरावाच्या घराचा रंगसुद्धा नापास केलात, आणि तो बिचारा आपला पाहुणापण नव्हता."

कैलास फॉर्म टेबलावर ठेवून नुसता बघत बसला. उद्या पाच वाजता मुदत संपणार होती. तेजस्वीने चहाचा कप आजोबांच्या जवळ सरकवला.

"आजोबा, तिकडचा तो स्क्रू गेज तुम्ही कुठून घेतला?"

"त्या सरांनी..." आजोबा थांबले.

"हातात दिला. टेबलावर मांडलेला. तुम्ही खोक्याच्या तळाशी हात घातलाच नाहीत."

चौतीस वर्षांची नोकरी, एक मेमो, आणि आता ही दुसरी वेळ. मेमोच्या वेळी नाव मोठं म्हणून मोजलं नव्हतं. या वेळी नाव मोठं म्हणून, चूक सापडावी अशा घाईने, पुढे केलेलाच नग मोजला होता.

"मग तू काय केलंस?" त्यांनी विचारलं.

"मी पोरांना विचारलं. फोटोतल्या नाही, कूलरजवळच्या. पहिल्या वर्षी तुझा लंबकाचा आकडा किती आला होता?"

"आणि?"

"एकीचा नऊ पॉइंट चार. सरांनी तिला आठवडाभर दोरा मोजायला लावला. एकाचा नऊ पॉइंट सहा, त्याला अजून कळलं नाहीये का ते. तो मलाच विचारत होता. उल्हासनगरलाही विचारलं, पाच जणांना. पाचही जण म्हणाले, फळ्यावरून उतरवला."

"खरं कशावरून बोलतात?"

"नापास झालेला आकडा कोण मुद्दाम सांगेल?" ती म्हणाली. "बारावीला माझा नऊ पॉइंट तीन आला होता, आजोबा. मॅडम म्हणाल्या, नऊ पॉइंट आठ कर. मी खोडला आणि आठ केला. जर्नल बघा, खाडाखोड दिसते. मला परत खोडायचं नाहीये."

आजोबांनी जर्नल मागवली नाही.

"तिकडे किती जणांना विचारलंस?"

"सात. सातही जणांनी स्वतः मोजला होता."

"वर्गात किती?"

"साठ."

"साठच्या लॉटला तेरा नग लागतात," ते म्हणाले. किती मालातून किती नग तपासायचे, तो कारखान्यातला तक्ता अजून तोंडपाठ होता. "तेरात दोन खराब चालतात. तिसरा निघाला की अख्खा लॉट परत."

"मग सहा उरले."

"सकाळी किती वाजता उघडतं ते?"

"बाबा, उद्या शेवटचा दिवस आहे हो!" कैलास म्हणाला.

"म्हणूनच सकाळी."

मंगळवारी आठ वाजता आजोबा त्या हसऱ्या फोटोंच्या समोरच्या बाकावर बसले, मांडीवर फॉर्म आणि हातात छोटी वही. तेजस्वी आत जाई, बाहेर येई, आकडा सांगे. आठवा, नऊ पॉइंट पाच. नववा, नऊ पॉइंट सात. दहाव्याने कबूल केलं की मित्राचं बघून लिहिलं. आजोबांनी फुली मारली. अकरावी ठीक. बारावा म्हणाला, "अरे यार, सरळ नेटवरून घेतला." दुसरी फुली. आजोबांनी पेन खिशात ठेवलं आणि घड्याळ बघितलं, जणू आता निघायचंच आहे.

तेराव्याला बराच वेळ लागला. तेजस्वी आली तेव्हा तिच्या मागोमाग एक मुलगी वही घेऊन आली होती. "काका, तुम्हीच बघा," ती म्हणाली. आकडा दहा पूर्णांक दोन होता, चुकीचाच, आणि खाली चार पानं भरून, का चुकला ते. पंखा चालू होता, असं शेवटी लिहिलं होतं.

आजोबांनी चारही पानं वाचली. मग सही केली. फॉर्म खिडकीत देऊन आल्यावर त्यांनी रुमाल काढला आणि ठोकळा तेजस्वीच्या हातावर ठेवला.

"यंत्र हातात घेतलंस की आधी याच्यावर लाव. कोणी काहीही सांगो."

तिने ठोकळा उजेडात धरून चारही बाजूंनी पाहिला. एका कोपऱ्यावर बारीक गंज होता.

"हा शेवटचा कधी तपासून घेतलात?"

"निवृत्त झालो तेव्हा."

"म्हणजे बारा वर्षं," तेजस्वी म्हणाली आणि वळली. "त्या वहीवाल्या ताईंकडे चांगला मायक्रोमीटर आहे. थांबा इथेच."

आजोबा बाकावरून उठले आणि तिच्या मागे चालू लागले. आकडा कोण वाचतं ते त्यांना स्वतः बघायचं होतं.