पानात अडकवलेलं बोट

माझी मुलगी सई मोबाइलवर गणिताचं पुस्तक वाचत होती. सिद्धतेच्या मध्येच 'प्रमेय ४.२ पाहा' असं आलं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि पुस्तक भलत्याच प्रकरणात गेलं. तिथून परतायला गेली, तर थेट मुखपृष्ठ! माझं डोकंच फिरलं. अरे ई-पुस्तक बनवणाऱ्यांनो, दोन ओळींचं प्रमेय तिथल्या तिथे उघडून दाखवायला काय धाड भरली होती तुम्हाला? कागदी पुस्तकात आम्ही चालू पानात बोट अडकवून मागचं पान बघायचो. वाचणाऱ्याची जागा राखायची, एवढी माणुसकी त्या कागदालाही होती. चौथ्यांदा मुखपृष्ठ आलं, तेव्हा सईनं मोबाइल पालथा ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाबा, मला गणित जमतच नाही."