सुजाताचा खेळ, माझी साफसफाई

आमच्या घरात कम्प्युटरला हात लावायची मला बंदी आहे, आणि हा ठराव एकमताने मंजूर झालेला आहे. (घरात आम्ही दोघंच. म्हणजे माझंही मत त्यात धरलेलं आहे.)

मी मूळचा नागपूरचा, पण नोकरी सगळी दिल्लीत, एका मंत्रालयाच्या रेकॉर्ड शाखेत गेली. बायको सुजाता पहाडगंजला मराठी शाळेत शिकवते. रोज मयूर विहारहून मेट्रोने जाते आणि रोज तीच तक्रार घेऊन परत येते.

"अहो, आज एका पोराने लाटण्याला बेलन म्हटलं. आणि वर्गात कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांच्या घरी बेलनच आहे."

"दिल्लीचं पाणी, दुसरं काय," मी म्हणायचो. "आपल्यासारखं मराठी आता कुठे राहिलंय!" असं म्हटलं की मला फार बरं वाटायचं. हे वाक्य जरा लक्षात असू द्या.

सुजाता नुसती तक्रार करून थांबणारी नाही. तिने ठरवलं, मुलांसाठी कम्प्युटरवर खेळ करायचा. पडद्यावर स्वयंपाकघरातली वस्तू दिसेल, मुलाने तिचं नाव सांगायचं, मग बटण दाबलं की एक भारदस्त आवाज बरोबर नाव सांगेल. भारदस्त आवाज अर्थातच माझा. शाळेच्या मोठ्या बाईंनी अट घातली होती : स्नेहसंमेलनात पालकांना खेळ आवडला, तर शनिवारचा कम्प्युटरचा तास सुजाताच्या मराठीला. नाही आवडला, तर त्या तासाला टायपिंग. त्या तासावर सुजाताचा फार दिवस डोळा होता. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती रोज संध्याकाळी व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकत बसायची, आणि मी शेजारी बसून मार्गदर्शन करायचो. येत काहीच नव्हतं, पण मार्गदर्शनाला ते लागत नाही.

प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर आलं. पण त्याला चित्र दाखवणं आणि आवाज वाजवणं आपलं आपण जमत नाही. त्यासाठी एक लायब्ररी आणून जोडावी लागते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं काम. आमच्या ऑफिसात यालाच जुनी नोट काढून तारीख बदलणं म्हणतात, त्यामुळे कल्पना मला ताबडतोब पटली.

जोडणं मात्र सोपं नव्हतं. व्हिडिओतला मुलगा हसत हसत "बस, इतना ही करना है" म्हणायचा आणि आमच्याकडे लाल अक्षरांत चुकांची रांग लागायची.

"फाईल सापडत नाही म्हणतोय," सुजाता म्हणाली.

"अगं, ही काय समोर आहे!"

"मला दिसतेय. त्याला दिसत नाही. कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते त्याला कळवावं लागतं."

हेही मला पटलं. आमच्याकडेसुद्धा माणूस टेबलासमोर उभा असला, तरी आवक रजिस्टरमध्ये नोंद होईपर्यंत तो आलेला नसतो. सुजाताने एकेक फोल्डर त्याला कळवलं. मग एक दिवस काळी चौकट उघडली, तिच्यात लाटणं अवतरलं आणि माझा आवाज घुमला, "लाटणं."

सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं. "झालं हो, झालं! ही एक फाईल तेवढी खेळाला अगदी चिकटून, त्याच फोल्डरमध्ये ठेवावी लागते. ती नसली तर खेळ उघडतच नाही."

"माझा आवाज जरा बारीक नाही आला?" मी विचारलं. फाईलचं वाक्य माझ्या कानावरून गेलं, पण आत काही शिरलं नाही.

संमेलनाच्या आदल्या दिवशी सुजाता हॉल सजवायला गेली. जाताना म्हणाली, "लॅपटॉप चार्ज करून ठेवा. बाकी काही करू नका."

चार्जिंगला लावला. आता लॅपटॉप चार्ज होत असताना माणसाने बघायचं तरी काय? मी फोल्डर उघडले. बघतो तर एकाच नावाची एकच फाईल तीन ठिकाणी! रेकॉर्ड शाखेत उभी हयात गेलेल्या माणसाच्या जिवाला काय वाटलं असेल! आमचा नियम आहे : मूळ प्रत जपायची, जादा प्रती नष्ट करायच्या. या छाटणीत माझा हात धरणारा अख्ख्या मंत्रालयात नव्हता. मी मूळ प्रत पेनड्राइव्हवर घेतली, पेनड्राइव्ह कपाटात कुलूपबंद केला, बाकीच्या सगळ्या प्रती उडवल्या आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. इतकं स्वच्छ वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी कस्तुरबा गांधी मार्गावरचा हॉल पालकांनी भरून गेला. सुजाताने खेळावर क्लिक केलं. पडद्यावर खेळाऐवजी एक चौकट आली : अमुक फाईल सापडत नाही.

"अहो," सुजाता अगदी हळू म्हणाली, "लॅपटॉपला हात लावला होता?"

"हात कसला! थोडी साफसफाई केली. मूळ प्रत सुरक्षित आहे."

"कुठे?"

"घरी. कपाटात."

ती माझ्याकडे जशी बघत राहिली, तशी तिने लग्नानंतर एकदाच बघितलं होतं, मी तिच्या भावाला चुकीच्या स्टेशनवर उतरवून घेतलं तेव्हा. मग तिने फोनच्या नेटवरून ती फाईल पुन्हा उतरवली. गडबडीत ती दुसऱ्याच जातीच्या कम्प्युटरची निघाली आणि चौकटीत आता एक लांबलचक नंबर आला. तेवढ्यात मोठ्या बाईंनी माइकवर जाहीर केलं, "आणि आता सुजाता बाईंचा बोलणारा कम्प्युटर!"

सुजाताचा चेहरा उतरला. रोज संध्याकाळी खपून तिने उभं केलेलं काम मी एका दुपारी छाटून टाकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पडद्यामागे जा," ती म्हणाली.

"मी?"

"आवाज तुमचाच आहे ना? चित्रं माझ्याकडे आहेत. मी एकेक उघडते, तुम्ही माइकवर नाव बोला. चला!"

पहिलं चित्र आलं. पडद्याआडून मला ते तिरकं दिसत होतं, पण वस्तू ओळखीची होती. मी भारदस्त आवाजात म्हणालो, "बेलन."

(रेकॉर्डिंगच्या वेळी सुजाता एकेक शब्द आधी म्हणून दाखवायची हो! इथे म्हणून दाखवायला कोण होतं?)

"लाटणं!" पहिल्या रांगेतून एक मुलगी ओरडली. "कम्प्युटरला येत नाही!"

दुसरं चित्र. आता चुकायचं नाही, असं ठरवून मी म्हणालो, "कद्दूकस."

"किसणी! किसणी!" आता दहा-बारा पोरं उठून उभी राहिली. मी गडबडून माइकमध्येच खोकलो.

"कम्प्युटरला सर्दी झालीये!" तीच मुलगी.

तिसरं चित्र आलं. "छलनी," मी जवळजवळ रडतच म्हणालो.

"चाळणीऽऽ!" अख्खा हॉल ओरडला. आईबापसुद्धा. सुपाला छाज, टोपलीला टोकरी, असा मी चुकत गेलो आणि पोरं मला सुधारत गेली. शेवटी टाळ्या थांबेनात. मोठ्या बाई म्हणाल्या, "सुजाता बाई, शनिवारचा तास तुमचा. मुद्दाम चुकणारा कम्प्युटर, काय डोकं लढवलंत!"

सुजाता म्हणाली, "यात मिस्टरांचा मोठा वाटा आहे."

घरी येऊन तिने कपाटातून पेनड्राइव्ह काढला, फाईल खेळाला चिकटवली आणि खेळ पहिल्या फटक्यात उघडला. मग तो वरचा ठराव मंजूर झाला. मग तिने माइक माझ्यापुढे ठेवला.

आता खेळात दोन आवाज आहेत. बरोबर उत्तर सुजाता सांगते, चुकीचं मी. मागच्या वेळी एकेका शब्दाला ती मला तीन-तीनदा थांबवायची. या वेळी म्हणाली, "चित्र बघा आणि मनात येईल ते बोला." सगळं एका दमात झालं, एकही शब्द पुन्हा घ्यावा लागला नाही.