पिठातला चेंडू

लातूर सोडलं त्या सकाळी टेंपोत गॅसची शेगडी, ज्वारीच्या पिठाचा डबा, दोन गाद्या, पुस्तकांची खोकी आणि मी एवढं सामान होतं. मला सामानातच धरलेलं बरं. नात प्रज्ञा ड्रायव्हरशेजारी बसली आणि मी मागं, पिठाच्या डब्याला धरून. माझा मुलगा मिलिंद दोऱ्या आवळत होता. सून फाटकापाशी उभी राहून पदरानं नाक पुसत होती. मिलिंद म्हणाला, "माय, एका वर्षाचा प्रश्न हाय. तिला फकस्त अभ्यास करू दे. खेळाचं नाव काढलं तर मला फोन कर." मी म्हटलं, "हाव." टेंपो निघाला. प्रज्ञानं मागं वळून बघितलं नाही.

गावाकडच्या बायांनो, तुम्ही दर वेळी विचारता, सुभद्राबाई, तुमचं घर आता कुठं? लातूरला की नांदेडला? जे गाव सोडून पुण्याला, हैदराबादला गेले तेही फोनवर हेच विचारतात. म्हणून एकदाच लिहून टाकते. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यात जमेल तसं.

माझं पहिलं घर तुमच्यातल्या म्हाताऱ्यांनी पाहिलेलं आहे. आमची वस्ती गावाच्या कडेला होती, सगळी पत्र्याची आणि कुडाची घरं. माझ्या नवऱ्याला तहसीलमध्ये शिपायाची नोकरी लागली आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. "पाटलाच्या पोरांना कसल्या भिंती हायत बघ. आपल्याबी लेकरांना तसल्याच जाड भिंतीत निजवायचं." दगड आणले, मातीत रचले, वर मातीचं माळवद टाकलं. वस्तीतलं पहिलं दगडी घर आमचं. लोक बघायला यायचे. हे भिंतीवर थाप मारून दाखवायचे, जसं बैलाच्या पाठीवर मारतात.

गणपती बुडवून गाव झोपलं होतं, त्या पहाटे जमीन हलली. मी परसाकडे गेले होते म्हणून राहिले. मिलिंद लातूरला होस्टेलवर शिकायला होता म्हणून राहिला. भिंती आणि माळवद माझ्या नवऱ्यावर आणि माझ्या धाकट्या लेकीवर, कुसुमवर, आलं. शेजारच्या पत्र्याच्या घरांतली माणसं ओरडत बाहेर आली, खरचटलेली, पण जिवंत. आमच्या वस्तीत मेली ती आमच्याच घरातली. मी गुडघ्यावर बसून हातानं दगड काढत होते. मिल्ट्रीची माणसं येईपर्यंत काढत होते. लोक म्हणाले, बाई रडली नाही. तेव्हा काम होतं.

मग पत्र्याचं शेड, मग नव्या गावातलं चौकोनी घर. एका रांगेत सगळी सारखी घरं. मी कितीदा तरी दुसरीच्या दारात शिरले. मिलिंद शाळामास्तर झाला, लग्न झालं, प्रज्ञा जन्मली, आणि तिला सांभाळायला मी लातूरला गेले. आधी लातूरचं नाव भूकंपानं सगळीकडे झालं होतं. नंतर क्लासनं झालं. ज्या चौकात पूर्वी मदतीचे ट्रक लागायचे, तिथं डॉक्टरकीला लागलेल्या पोरांचे फोटो लागले. मिलिंद स्कूटर थांबवून ते फोटो बघायचा. तेव्हा प्रज्ञा दुसरीत होती.

पोरगी उंच निघाली. हात लांब. तिच्या शाळेत पीटीच्या सरांनी एक नवा खेळ आणला, फ्लोअरबॉल. हॉकीसारखाच, पण हॉलमध्ये खेळायचा. काठ्या प्लास्टिकच्या आणि चेंडू पोकळ, त्याला भोकंच भोकं. गोल राखणारीला काठी नसते. ती गुडघ्यावर बसते आणि रिकाम्या हातांनी, अंगानं चेंडू अडवते. कुणाला गुडघ्यावर बसायचं नव्हतं म्हणून सरांनी प्रज्ञाला बसवलं.

सून मला एकदा मॅच बघायला घेऊन गेली. पोरगी जाळीपुढं गुडघ्यावर बसली, दोन्ही हात पुढं केले, आणि मी उठून बाहेर आले. सुनेला वाटलं मला उकडलं. मी पायरीवर बसून राहिले. आतून पोरींचा ओरडा आला, "अडवला! प्रज्ञानं अडवला!" मग मी परत आत गेले. त्यानंतर मी एकही मॅच सोडली नाही.

तिच्या मोबाइलमध्ये फिनलंडची एक गोलकीपर बाई होती. पिवळी वेणी, तोंडावर जाळीचं हेल्मेट. त्या बाईची सगळी कहाणी मला भाजी निवडताना ऐकावी लागे. ती थोरल्या भावांमध्ये लहानपणी खेळायची; भाऊ तिलाच जाळीपुढं उभं करायचे. तिचा बाप तिला बर्फातून गाडीनं सरावाला न्यायचा. तिच्या क्लबनं देशातला मोठा कप जिंकला तेव्हा तिनं हेल्मेटमधून सरबत पिलं. जगाच्या फायनलला मात्र दर वेळी शेजारच्या देशाकडून हरायची. मी म्हटलं, "दर बारी हरती तर कशाला जाती?" प्रज्ञा म्हणाली, "आजी, फायनलला हरायला आधी फायनलला जावं लागतं." गुडघ्याचं ऑपरेशन झालं तरी ती बाई परत जाळीपुढं बसली. दिवसा शाळेत शिकवायची, संध्याकाळी खेळायची, कारण त्या खेळात तिथंही पोट भरत नाही.

मिलिंदही पोरीला रोज गाडीवरून न्यायचा, उन्हातून, पावसातून. क्लासला. बाप दोघींचेही चांगलेच.

बारावीच्या वर्षी देशाच्या टीमच्या शिबिरासाठी प्रज्ञाचं नाव आलं. त्याच आठवड्यात क्लासची मोठी परीक्षा होती. पोरगी बापापुढं उभी राहिली. मिलिंद जेवत होता. तो ओरडला नाही, तो ओरडणाऱ्यांतला नाही. म्हणाला, "डॉक्टर झालीस की तुला कुणी हलवू शकत न्हाई. बेटा, मी तुला पक्की भिंत बांधून द्यायलोय."

मी म्हटलं, "तुझ्या बापानंबी पक्कीच बांधली होती."

मिलिंद ताट तसंच ठेवून उठला. तो कधी असं उठत नाही. मी बोलले ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. प्रज्ञा परीक्षेला गेली. हेल्मेट माळ्यावर गेलं. सरांचा तो हॉल पुढच्या वर्षी एका क्लासनं घेतला. खेळाच्या कडेला लावायच्या ठेंगण्या फळ्या होत्या, त्यांना आता सायकली टेकवतात.

निकाल लागला, गुण कमी पडले. कुणीतरी सांगितलं, परीक्षा परत द्यायची तर, रिपीटला, नांदेड बरं. तसा तो टेंपो निघाला.

नांदेडच्या त्या गल्लीत प्रत्येक खोलीत एक पोरगं किंवा पोरगी आणि त्यांची एक आजी. आई-बाप नोकरीवर किंवा रानात, म्हणून आजीला स्वयंपाकाला धाडलेलं. पहिल्या दिवशी भाकरीसाठी पीठ घ्यायला डब्यात हात घातला आणि हाताला काहीतरी गोल लागलं. भोकाभोकांत पीठ भरलेला चेंडू. मी प्रज्ञाकडं बघितलं. ती पुस्तकात बघत होती. मी चेंडू धुतला, पुसला आणि तिच्यापुढं ठेवला. मिलिंदला फोन केला नाही.

दुपारी ती क्लासवरून आली की आम्ही गाद्या गुंडाळायचो. दार हाच गोल. ती दारात गुडघ्यावर बसायची आणि मी खाटेवरून चेंडू फेकायची. "आजी, जोरात! लाजू नको!" मी जोरात फेकायची. जात नव्हता. मग ती स्वतः भिंतीवर मारून अडवायची. शेजारच्या खोलीत नायगावची गंगाबाई होती, तीही नातीसाठी आलेली. ती बाहेरून ओरडायची, "सुभद्राबाई, तुमची डॉक्टरीण भिंतीला इंजेक्शन द्यायली का काय?"

"तुमची नात पुस्तकावर निजलीय, तिला उठवायली," मी म्हणायची.

"निजू द्या की! निजल्यावर इंजेक्शनची कळसुद्धा लागत न्हाई लेकराला!" असं म्हणून गंगाबाई दारात येऊन बसायची आणि प्रज्ञानं अडवला की माझ्या आधी टाळी वाजवायची.

दुसऱ्यांदाही गुण कमी पडले. प्रज्ञा मोबाइल खाली ठेवून म्हणाली, "आजी, झालं." कुठल्या अर्थानं झालं, ते मी विचारलं नाही. नर्सिंगला नांदेडलाच जागा मिळाली. शिकायच्या तीन वर्षांच्या पुढंही, तिला दवाखान्यात नोकरी लागल्यावरही, आम्ही दोघी त्याच खोलीत राहिलो. दुपारचं खेळणं मात्र बंद झालं. ड्युटीवरून येऊन ती पाय वर करून झोपायची.

मग फिनलंडला नर्सा पाहिजेत, असं कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या देशांचीही नावं होती. तिनं हेच घेतलं. तिथली भाषा ती भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं पाठ करायची. मी भाकरी थापताना ते शब्द माझ्याही तोंडात बसले. जाताना मी चेंडू तिच्या बॅगेत घातला. तिनं काढून ठेवला. "तिकडं लई मिळतात आजी."

आता ती तिकडं म्हाताऱ्यांच्या घरात कामाला आहे. माझ्या वयाच्या बायांना अंघोळ घालते, केस विंचरते. मी इथं माझी मी अंघोळ करते. हे गाऱ्हाणं नाही. आहे ते असं आहे.

एकदा व्हिडिओ फोनवर मी विचारलं, "तुझी ती जाळीपुढची बाई भेटली का गं?" प्रज्ञा म्हणाली, त्या बाईची शेवटची मॅच झाली, ती बघायला प्रज्ञा तिकीट काढून गेली होती. मॅच संपल्यावर बाईनं हेल्मेट काढलं, हातमोजे काढून जाळीवर ठेवले. तिचा म्हातारा बाप वर बसून रडत होता. सगळा हॉल उभा राहिला. प्रज्ञाही राहिली.

"मी तिच्यासारखी झाले नसते आजी," ती म्हणाली. "लई वाईट खेळले असते. पण किती वाईट, तेवढं तरी मला कळायला पाहिजे होतं."

तिच्या मागं खिडकीत बर्फ पडत होता. मी म्हटलं, जेवलीस का.

मिलिंद मला न्यायला आला होता. लातूरला त्यानं नवं घर बांधलं आहे, वर स्लॅब. मी म्हटलं, मी इथं पोरींचे डबे करते, माझं बरं चाललंय. तो खाटेवर बसला. खाटेखालचा चेंडू त्याच्या पायाला लागला. त्यानं उचलून हातात फिरवला. त्याचेही केस पांढरे झालेत.

"लई हलका हाय गं माय."

"हाव," मी म्हटलं. "अंगावर पडला तरी काही होत न्हाई."

तो चेंडू हातात घेऊन बसून राहिला, चहा निवेपर्यंत.

मागच्या पावसाळ्यानंतर एका सकाळी नांदेडला जमीन हलली. थोडीच. मी डबे भरत होते, ताटं वाजली, आणि चेंडू खाटेखालून निघून सरळ दाराकडं गेला. मी तो उचलला आणि बाहेर आले. गल्लीत सगळ्या जमल्या होत्या, पोरी पुस्तकं छातीशी धरून. गंगाबाई, आता धाकट्या नातीसाठी आलेली, मला बघून म्हणाली, "अवो, डाग-दागिना घ्यायचा सोडून चेंडू घेऊन पळाल्या व्हय?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग सगळ्या आत गेल्या. मी पायरीवर बसले. तिकडं उजाडायचं असेल. प्रज्ञा कुठल्यातरी म्हातारीपुढं गुडघ्यावर बसून तिच्या पायात मोजे घालत असेल.

तुम्ही विचारता घर कुठं. ती या दारात गुडघ्यावर बसायची, तेव्हा इथं होतं. मी आत आले, खाटेवर बसले, दार उघडंच ठेवलं. चेंडू बराच वेळ हातात होता. मग मी तो पिठाच्या डब्यावर ठेवला आणि राहिलेले डबे भरले.