मामा आणि मीटरची खोली

विजेच्या बिलावर माझ्या बायकोच्या मामांइतका चिडलेला माणूस अख्ख्या मुलुंडात सापडायचा नाही. दरवाढ झाल्यापासून तर त्यांना कुठे टेकलेलं मी पाहिलंच नाही. ते आमच्याच तीन मजली इमारतीत राहतात, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि रोज सकाळी बॅटरी घेऊन मीटरच्या खोलीत शिरतात. आकड्यांवरून त्यांना घराघरातलं कळतं. "दुसऱ्या मजल्यावर जावई आलाय, एसी पळतोय," हे ते चहा पिता पिता, अर्थात उभ्यानेच, सांगतात. आमच्याकडे आले की बोलता बोलता पंखा बंद करतात. एकदा मी आंघोळीला गेलो असताना गीझर बंद करून "गार पाण्याने रक्त फिरतं!" असं बाहेरून ओरडून गेले. मामी बिचाऱ्या मालिकेची फक्त शेवटची पाच मिनिटं बघतात. मध्यंतरी सोसायटीचं, म्हणजे जिन्याच्या दिव्यांचं आणि पंपाचं, बिल एकदम उतरलं. वार्षिक सभेत मामांनी त्याचं श्रेय बिनदिक्कत घेतलं आणि आम्हीही टाळ्या वाजवल्या.

मग त्यांनी वीज कंपनीला द्यायच्या अर्जावर सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्या. दरवाढ मागे घ्या आणि मीटर तपासा, नाहीतर एकही घर बिल भरणार नाही! त्यांचा सगळा जीव मात्र तळमजल्यावरच्या कांबळेताईंच्या मीटरमध्ये अडकला होता. ताई एकट्या, ब्लाउज शिवून पोट भरणाऱ्या. बिल असं येई की खोली सोडून सांगलीला भावाकडे जायचं त्यांनी ठरवलं होतं. मामांनी त्यांच्या शिलाई मशीनची मोटर काढायला लावली. ताई पायाने मशीन मारू लागल्या, गुडघे सुजले, बिल काही हलेना. "जावईबापू, ह्या मीटरात भूत आसा!" मामा मला जिन्यात गाठून सांगत.

भूत पकडायला त्यांनी एका रविवारी सकाळी फर्मान काढलं. सगळ्यांनी घरचे मेन स्विच बंद करून मीटरच्या खोलीत यायचं. काहीच चालू नसताना जो मीटर पळेल तो खोटा. घामाघूम होऊन आम्ही दाटीवाटीने उभे राहिलो. घरांचे सगळे मीटर गप्प होते, ताईंच्या मीटरवरचा लाल ठिपका तेवढा लुकलुकत होता. "सापडला!" मामा ओरडले. साक्षीला बोलावलेला वायरमन म्हणाला, "काका, एक मिनिट ना. सोसायटीचा मीटरपण गप्पच आहे, मग हा पंप कशावर चालतोय?"

पंप मागे खुशाल घरघरत होता. वायरमनने वायर चाचपत माग काढला. इमारतीच्या रंगकामाच्या वेळी वायरी हलवायला मामांनीच आणलेल्या स्वस्तातल्या माणसाने पंप आणि जिन्याचे दिवे ताईंच्या मीटरला जोडून ठेवले होते. सोसायटीचं बिल का उतरलं होतं, ते सगळ्यांना एकदमच कळलं. आम्ही एकमेकांकडे बघेनासे झालो.

मामांनी हात जोडले. "ताई, मोर्चा माझ्या दारावर आणायला हवा होता. पण जाऊ नका."

ताई म्हणाल्या, "नाही जात. पण मोटर आजच्या आज बसवून द्या. आणि तुम्ही स्वतः बसवा."

मामांनी ती बसवली. ताईंनी भरलेलं आमचं बिल सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून फेडलं. दरवाढीविरुद्धचा अर्ज अजून चालू आहे आणि मामा दर सुनावणीला जातात. पण कंपनीला जाब विचारता विचारता मध्येच थांबतात, शब्द शोधू लागतात. त्यांचं म्हणणं खरं असतं, तरीही. मी शेजारीच उभा असतो, आणि त्यांनी पूर्वीसारखं बेधडक भांडावं असं मला फार फार वाटतं.