मेन स्विचवरची चिठ्ठी

वैशू, जवळ बसल्यासारखी ऐक, आणि मधेच ‘आई, नंतर बोलते’ म्हणू नकोस. आज इथं आपल्या गावात, कान्ह्यात, ढग गडगडले, तसा माझा हात मेन स्विचकडं गेला. तिथं तुझी पिवळी पडलेली चिठ्ठी दिसली: ‘बंद करू नये.’

तू ही चिठ्ठी लावलीस, त्या दुपारीही असंच गडगडत होतं. विजा चमकल्या की मेन बंद करायचा, ही आपल्या घरची रीत. मी केला. आतल्या खोलीत तुझ्या कॉम्प्युटरचा पंखा घरघरत थांबला आणि तू बाहेर आलीस.

“आई, चार दिवस कॉम्प्युटरवर गणित चाललं होतं. उद्या सरांना दाखवायचं होतं. आता पुन्हा पहिल्यापासून.”

“कसलं गणित?”

“तारांवर वीज पडली तर काय होतं, त्याचं.”

“मग मला विचारायचं. मेन बंद करायचा.”

तू हसली न्हाईस. कपाळाला हात लावून उंबऱ्यात बसलीस. मला लय राग आला. घर मी वाचवलं आणि गुन्हेगारही मीच. आता कळतं, तुझे चार दिवस मी एका हातानं पुसले. पण चिठ्ठी आधी लावायची होतीस, हे मी अजून म्हणते.

आज मेन चालूच ठेवलाय. फ्रिज जळाला तर तुझ्या माथी. लवकर ये, कॉम्प्युटर घेऊनच ये.