दोनशे चौदा भाचरांची मावशी

नाव: श्रीमती मालन नामदेव शेडगे. वय: अंदाजे सदुसष्ट. राहणार: मोहने, तालुका कल्याण. शिक्षण: सही येते. व्यवसाय: निरंक. ओळखीची खूण: डाव्या हातावर गोंदण, उजव्या हातात डबा. सदर महिला गेल्या अकरा वर्षांत या रुग्णालयात दाखल झालेल्या एकूण दोनशे चौदा रुग्णांची मावशी असल्याचे नोंदवहीवरून दिसून येते. सदर रुग्णांची आडनावे एकशे सत्तर, धर्म चार व मातृभाषा नऊ आहेत. मावशी होण्यासाठी रुग्णाच्या आईची सख्खी, चुलत वा तत्सम बहीण असणे आवश्यक असल्याने, सदर महिलेस नेमक्या किती बहिणी आहेत, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. तोपर्यंत सदर महिलेस वॉर्डात प्रवेश नाही.

ही नोटीस अनिश प्रधानने लिहिली. अनिश नौपाड्याचा, वय अठ्ठावीस. स्पर्धा परीक्षांच्या तीन प्रयत्नांतून सुखरूप बाहेर पडून तो कल्याणच्या एका सार्वजनिक रुग्णालयात नोंदणी विभागाला लागला होता. जुन्या नोंदवह्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम त्याच्याकडे आलं. आधीच्या माणसाने हे काम चार वर्षं चालू ठेवलं होतं, म्हणजे सुरू केलं नव्हतं. अनिशने ते दोन महिन्यांत संपवलं आणि 'रुग्णाशी नाते' या रकान्याची बेरीज घेतली. बायको पहिली आली, मुलगा दुसरा, आणि तिसरी मालन शेडगे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. रुग्णालयात 'नातेवाईक' हे नातं नसतं, ते काम असतं. एक्स-रे खालून वर आणणं, ट्रॉलीचं मागचं चाक अडलं की लाथ मारणं, रक्ताचा नमुना प्रयोगशाळेच्या खिडकीत देऊन 'उद्या या' ऐकून येणं. सिस्टर दारात उभी राहून ओरडते, "नंबर सोळाचे नातेवाईक!" आणि कोणीतरी उठतं. कोणी उठलं नाही की नंबर सोळा तिथेच राहतो. त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. ढकलणारं कोणी नसलं की ट्रॉली जागची हलत नाही, इतकंच.

अकरा वर्षांपूर्वी मालनबाई याच वॉर्डात नवऱ्याजवळ बसल्या होत्या. नामदेव शेडगे रेयॉन कंपनीत होते. आधी कंपनी बंद पडली, मग त्यांची फुप्फुसं. शेजारच्या खाटेवर एक परप्रांतीय रंगारी होता. सिस्टरने त्याचे नातेवाईक तीनदा पुकारले. तिसऱ्यांदा मालनबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आले." खाली खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "नातं?"

"नातं कसलं? मला हितं सगळी मावशीच म्हणत्यात."

कल्याणमध्ये भाजीवालीपासून झाडूवालीपर्यंत पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक बाईला मावशीच म्हणतात. कारकुनाने ऐकलं तसं रकान्यात लिहिलं: मावशी. या एका नोंदीवर पुढच्या दोनशे तेरा उभ्या राहिल्या.

वर आल्यावर त्यांनी नवऱ्याला भीत भीत सांगितलं, की परक्याच्या कागदावर सही करून आले. नामदेव दम खात म्हणाले, "तळीला पाचवा लागतोच की."

शेडगे मूळचे साताऱ्याकडचे, घरी खंडोबा. चंपाषष्ठीला तळी उचलतात: ताम्हनात खोबरं, भंडारा, पानं, आणि पाच पुरुषांनी मिळून 'सदानंदाचा येळकोट' म्हणत ते ताम्हन तीनदा वर उचलायचं. पाचच लागतात. घरात चार भरले तर दारावरून जाणाऱ्याला बोलवायचं. त्याची जात, गाव, काही विचारायचं नाही, कारण तोवर देव खोळंबलेला असतो. मोहन्याच्या त्यांच्या खोलीत एका वर्षी गॅस सिलिंडरवाला पाचवा झाला आणि एका वर्षी विजेचं मीटर वाचणारा. त्याने आधी तळी उचलली, मग मीटर वाचलं. बिल नेहमीइतकंच आलं.

दोन दिवसांनी नामदेव गेले. रंगारी बरा होऊन निघून गेला. तेरावं झाल्यावर मालनबाई डबा घेऊन पुन्हा वॉर्डात आल्या, त्या येतच राहिल्या.

त्यांची पद्धत ठरलेली होती. नव्या माणसाला 'काय होतंय' असं त्या विचारत नसत. ते विचारायला डॉक्टर होते. त्या विचारत, "घरी तुला काय म्हणून हाक मारत्यात?" मग तेच नाव. त्यामुळे वॉर्डात कागदावर नसलेले बरेच पप्पू, बाळू आणि मुन्ना होते. जगन मात्र म्हणाला, "हाक मारायला कोण हाय?"

"मग जगन तर जगन," मालनबाई म्हणाल्या. "भाजी कारल्याची हाय. तोंड वाकडं करू नको."

जगन बाजार समितीत हमाल होता, वय पंचावन्न, घर असं नव्हतं. साखरेने पायाची दोन बोटं काळी पडली होती. गुरुवारी ती काढायची ठरली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, गुरुवार चुकला तर पुढच्या वेळी घोटा. जगनने संमतीच्या कागदावर अंगठा दिला. अट एकच घातली, आत नेतील तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर मावशी पाहिजे. आणि सोमवारी मावशीला नोटीस मिळाली.

मंगळवारी मालनबाई आपल्या मुलाला घेऊन अनिशच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. विनीत शेडगे डोंबिवलीत एका औषधाच्या दुकानात होता आणि अर्धी रजा टाकून आला होता.

"साहेब, हिच्या वतीने मी माफी मागतो," विनीत म्हणाला. "मी केव्हाचा सांगतोय हिला. केस झाली तर कोण निस्तरणार?"

"माफीचा रकाना नाहीये," अनिश म्हणाला. "खुलासा द्या. शेडगेबाई, तुम्ही खोटं नातं लिहिलंत की नाही?"

"मी कुठं लिवलं? मला लिवता येतं का? तुमच्याच माणसानं लिवलं."

"पण सही तुमची आहे."

"सही येते मला," मालनबाई जरा अभिमानाने म्हणाल्या.

विनीतने कपाळाला हात लावला. "माझ्या लेकीच्या, सान्वीच्या गॅदरिंगला ही आली नाही, साहेब. का, तर कोणा मुन्नाची सोनोग्राफी होती! अख्ख्या कल्याणची मावशी. आमचीच काय ती आई, तीसुद्धा सुट्टीच्या दिवशी."

"तुझ्या टायफॉइडला सतरा दिवस कोण बसलं होतं रे?"

"तेव्हा मी सातवीत होतो!"

"मग? म्हणून ते दिस मोजायचे न्हाईत व्हय?"

अनिशने दोघांना थांबवलं आणि गुरुवारबद्दल आपणच आणलेला नियम सांगितला: ऑपरेशनआधी 'नातेवाईक हजर' अशी खूण लागते, आणि नातेवाईक म्हणजे पुराव्यानिशी नातेवाईक. मालनबाईंनी नोटीस नीट घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली. भांडल्या नाहीत. जगनच्या डब्यात मीठ कमी असतं, एवढं सिस्टरला सांगा म्हणाल्या.

गुरुवारी साडेनऊला अनिशला वर बोलावणं आलं. ऑपरेशन थिएटरच्या दारात ट्रॉली उभी होती. जगनने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली होती. तीस वर्षं गोणी उचललेले हात होते. वॉर्डबॉय दोघे लागले तरी सुटेनात.

"बाहेर कोण बसलंय ते सांगा," जगन म्हणत होता. "नुसतं बाकडं असंल तर मी आत जात नाय."

हेमा सिस्टर अनिशकडे वळल्या. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बरेच नियम येताना आणि जाताना पाहिले होते. "प्रधान, डॉक्टर हात धुऊन उभे आहेत. दहा मिनिटांनी पुढची केस घेतील. याच्या कागदावर 'नातेवाईक हजर' अशी खूण लागते. तुम्ही आणलेला रकाना आहे, तुम्हीच भरा."

"शेडगेबाई कुठे आहेत?"

"गेटवर. सकाळी सातपासून. वॉचमन आत सोडत नाही. तुमची नोटीस लावलीय ना त्याने काचेवर."

अनिश तीन मजले धावत उतरला. मालनबाई गेटबाहेर, रिक्षा स्टँडच्या कठड्यावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"चला वर, लवकर. मी सांगतो वॉचमनला."

"सात दिस कुठं झालेत? खुलासा दिला न्हाई मी अजून."

"अहो, तो जगन दार सोडत नाहीये!"

"ते खरं. पर तूच लिवलंयस, खुलासा देईस्तोवर प्रवेश नाही. मी एकदा सही केल्याली गोष्ट मोडत न्हाई." त्यांच्या चेहऱ्यावर टवाळीची रेषही नव्हती. नोटीस मिळाल्याची सही त्यांनी खरोखरच केली होती.

"मग काय करायचं? त्याचा घोटा जाईल. चला ना, मावशी!"

मालनबाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"दोनशे पंधरा," त्या म्हणाल्या. "आता तूच जाऊन बस. त्याला म्हणावं, मावशी गेटावर हाय आणि बाकड्यावर तिचा माणूस हाय. जा, पळ. तळी खोळंबलीय."

तळीचं अनिशला काही कळलं नाही. तो पळाला.

निरोप ऐकून जगनने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "हा उठून जाईल," तो हेमा सिस्टरना म्हणाला. अनिशने गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि जगनच्या मुठीत दिलं. त्यासाठी जगनला एक हात चौकटीवरून काढावा लागला. दुसरा हेमा सिस्टरनी काढला. ओळखपत्र आत न्यायला परवानगी नव्हती, म्हणून ते दारातच परत आलं. पण तोवर ट्रॉली आत गेली होती.

अनिश बाकड्यावर एक तास चाळीस मिनिटं बसला. मध्ये दोनदा पुकारा झाला: एकदा इंजेक्शन आणायला, एकदा रक्ताची चिठ्ठी न्यायला. दोन्ही वेळा तो उठला. खिडकीवर त्याला 'उद्या या' असं सांगण्यात आलं. आपण याच खात्यात आहोत, असं त्याने सांगून पाहिलं. मग 'दुपारी या' असं सांगण्यात आलं.

दोन बोटं गेली. घोटा राहिला.

संध्याकाळी हेमा सिस्टरनी नोंदवही पुढे केली. 'रुग्णाशी नाते.' अनिशने पेन उघडून ठेवलं. रकाना रिकामा ठेवायचा नाही, हा नियम त्यानेच केला होता, त्यामुळे मोकळा सोडता येईना. तो हिशेबाचा माणूस होता, त्याने क्रमाने विचार केला. शेडगेबाई जगनच्या मावशी, अशी नोंद होती. शेडगेबाई आपल्या मावशी, असं आपणच साक्षीदारांसमोर, रिक्षा स्टँडवर म्हणालो होतो. मग त्याने स्वच्छ अक्षरात लिहिलं: मावसभाऊ.

सातव्या दिवशी खुलासा दाखल झाला. मालनबाईंनी सांगितला, अनिशने लिहून घेतला, विनीतने वाचून दाखवला, खाली सही झाली. त्यात एकच ओळ होती, आणि ती दप्तरी ठेवून मालनबाईंचा वॉर्डप्रवेश पूर्ववत करण्यात आला.

ओळ अशी: सदर महिलेस बहीण नाही.